तीन जातींचं बी

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी कोळंबीचं बी, म्हणजे पिल्लं, विकणाऱ्या बीवाल्याला फोन लावला आणि त्याला बोलूच दिलं नाही. "पैसे स्कॅम्पीचे घेतलेत आणि पिशव्यांत तीन जातींची कोळंबी भरून दिलीत. एक निळी, एक नारिंगी, एक नुसती चिल्लर. फोटो पाठवतेय, बघा." पलीकडून शांत आवाज आला, "मॅडम, पहिल्यांदाच करताय ना?" मी इतकी भडकले की फोन ठेवून दिला.

त्याचं बरोबर होतं, हे कळायला मला महिना लागला. त्या महिन्यात मी जे उद्योग केले ते लिहून ठेवतेय, कारण पहिल्यांदा स्कॅम्पी, म्हणजे गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, तळ्यात सोडणारा जवळपास प्रत्येक जण हेच करत असावा असा माझा दाट संशय आहे.

आमचं घर बडोद्याला, दांडिया बाजारात. शेत मामांचं, डभोईच्या वाटेवर. आम्ही कायस्थ, म्हणजे कोळंबी खाण्याचा अनुभव पिढ्यानपिढ्यांचा आणि वाढवण्याचा शून्य. मी बँकेची नोकरी सोडली तेव्हा मामांच्या शेतात वीस गुंठ्यांचं, म्हणजे साधारण दोन हजार चौरस मीटरचं तळं रिकामं पडलं होतं. कालव्याचं पाणी साठवायला खणलेलं. मामा म्हणाले, "मासे सोड." आत्या म्हणाली, "मासे कशाला, कोळंबी सोड." आमच्याकडे अशा बाबतीत आत्याचं चालतं.

तयारीचं फार सांगत नाही, ती सगळीकडे सारखीच. तळं सुकवलं, चुना मारला, पाणी भरलं, कडेने जाळी लावली. जाळी बेडकांसाठी आणि सापांसाठी. मगरीसाठी जाळी पुरत नाही. मगरींसाठी प्रसिद्ध विश्वामित्री नदीच्या गावात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तळाशी ताडाच्या झावळ्या आणि जुन्या पाइपांचे तुकडे टाकले. कोळंबी कात टाकते तेव्हा तासनतास मऊ असते आणि शेजारीण तिला खाऊन टाकते, म्हणून लपायला जागा लागते.

बी आलं एप्रिलच्या मध्यावर, टेम्पोने, रात्रीचं, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत. पहाटे पिशवी उजेडात धरली तर आत पाण्यापेक्षा जरा जास्त पाणचट असं काहीतरी हलत होतं. प्रत्येक जण नखाएवढा, आरपार दिसणारा, दोन काळे डोळे तेवढे खरे. हे बी किनाऱ्यावरच्या हॅचरीतूनच, म्हणजे पिल्लं काढण्याच्या केंद्रातूनच, यावं लागतं, कारण ही कोळंबी नावाला गोड्या पाण्यातली. तिची पिल्लं पहिले काही आठवडे मचूळ पाण्याशिवाय जगत नाहीत. नर्मदेतली कोळंबी अंडी पोटाशी धरून भरूचच्या खाली खाडीकडे उतरते ती त्यासाठीच. माणसाला हे कळलं अगदी अलीकडे. मलेशियात पेनांगला शाओ-वेन लिंग नावाचे शास्त्रज्ञ १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पिल्लं जगवायची धडपड करत होते. पाण्यात थोडं मीठ असलं की ती तगतात हे त्यांच्या लक्षात आलं आणि तिथून पुढे या कोळंबीची आजच्या पद्धतीची शेती सुरू झाली. त्याआधी बीसुद्धा नदीतूनच पकडून आणावं लागे.

चाळीस दिवस बी हाप्यात ठेवलं. हापा म्हणजे पाण्यात चार बांबूंना बांधलेली बारीक जाळीची मच्छरदाणी, उलटी टांगलेली. मे अखेरीस मोजून आठ हजार तळ्यात सोडली, चौरस मीटरला चार. जुलैत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून पाहिलं तेव्हा सगळी करंगळीएवढी, थोडं उन्नीस-बीस. मी वहीत लिहिलं, "वाढ एकसारखी." त्या ओळीखाली पुढे मीच लाल पेनने तीन उद्गारचिन्हं काढली आहेत.

सप्टेंबरच्या त्या सकाळी राखणदाराने पाग टाकला आणि बादली माझ्यासमोर ओतली. पन्नास-साठ नग होते. माद्या बऱ्याचशा एका मापाच्या, त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती. तमाशा नरांचा होता. नर ओळखायला सोपा: उलटा धरला की चालायच्या पायांच्या पाचव्या जोडीच्या बुडाशी त्याची भोकं असतात, मादीची तिसऱ्या जोडीच्या बुडाशी, आणि पोटाच्या पहिल्या पेरावर मधोमध नराला एक कडक उंचवटा लागतो. अंगठा फिरवला की कळतं.

तर त्या बादलीत पहिला नर असा की त्याच्या नांग्या अंगापेक्षा लांब. गडद निळ्या, मोरपिसाच्या मधल्या ठिपक्यासारख्या, आणि त्यांच्यावर काट्यांच्या रांगा. मी उचलायला गेले आणि त्याने माझ्या रबरी हातमोज्याला भोक पाडलं. वजन पन्नास ग्रॅम. एकाच्या पाठीवर तर हिरवट शेवाळ धरलं होतं, जुन्या देवळाच्या पायरीवर धरतं तसं. राखणदार हसून म्हणाला, "बेन, आ तो तळावनो दादो छे."

दुसरा प्रकार: नांग्या नारिंगी, सोनेरीकडे झुकणाऱ्या, काटे बारीक, अंग गुबगुबीत. पंचवीस-तीस ग्रॅमचे. हे बोचत नव्हते, नुसते उड्या मारत होते. तिसरा प्रकार मी आधी वेगळा काढलाच नाही, कारण मला वाटलं ती भलतीच कुठली तरी कोळंबी पाण्याबरोबर आत शिरली आहे. सहा-सात ग्रॅमचे नर, नांग्या काडीसारख्या, बिनरंगाच्या. आणि बादलीत सर्वांत जास्त होते ते हेच. निळे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

एकाच दिवशी, एकाच पिशवीतून आलेलं बी. एक पन्नास ग्रॅमचा आणि एक सहा. मग मी फोन केला, तो वर सांगितलाच.

फोन ठेवल्यावर मी जे केलं ते शेतकऱ्याच्या बुद्धीने केलं. रोपं दाट झाली की आपण काय करतो? मरतुकडी उपटतो, जोमदार ठेवतो. मी दोन दिवस ओढजाळं लावून बारीक नर जमतील तितके काढले आणि घरी, शेजारी, मामांच्या गड्यांकडे वाटून टाकले. निळे मोठ्या प्रेमाने परत तळ्यात सोडले. म्हटलं, पन्नासचे शंभर होऊ देत. आणि उरलेल्या बारक्यांना पोट भरायला मिळत नसेल म्हणून खाद्य वाढवलं.

वाढवलेल्या खाद्याने बारके वाढले नाहीत, पाणी मात्र बिघडलं. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे राखणदाराचा फोन आला, "बधा किनारे आवी गया छे." जाऊन टॉर्च मारला तर काठाला चहूबाजूंनी लालसर ठिणग्याच ठिणग्या. कोळंबीचे डोळे उजेडात निखाऱ्यासारखे चमकतात. श्वास पुरत नाही म्हणून सगळी कडेला उथळात येऊन टेकली होती, काही तर पाण्याबाहेर चिखलात चढलेली. पाण्यात हवा मिसळणारा एरेटर बंद पडला नव्हता, तो त्या कुजक्या खाद्यापुढे कमी पडत होता. कालव्याचं ताजं पाणी सोडलं आणि चार दिवस खाद्य बंद ठेवलं. नुकसान किती झालं ते मोजलं नाही. मेलेली कोळंबी तळाशी जाते आणि जिवंत तिला संपवतात, हिशेब उरतच नाही.

त्यानंतर पाग टाकला तेव्हा निळे होते तिथेच होते. पन्नासचे बावन्न. एकाची नांगी तुटलेली, दुसऱ्याचा डोळा गेलेला. आणि बारक्या नरांची जागा पुन्हा बारक्या नरांनीच भरून काढलेली वाटत होती.

नवरात्र चालू झालं होतं. आमच्या गल्लीत एक काका राहतात, विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. गरब्याचा आवाज सोसत नाही म्हणून रात्री ते कापूस घालून ओट्यावर बसतात. मी त्यांच्यासमोर स्टीलच्या डब्यात तिन्ही प्रकारचे एकेक नर ठेवले आणि म्हटलं, "काका, या तीन जाती ओळखून द्या, मला तक्रार करायची आहे." त्यांनी एका कानातला कापूस काढला.

"अगं, कसल्या जाती? हा, हा आणि हा, एकच. हा," त्यांनी काडीसारख्या नांग्यांचा दाखवला, "अजून थांबलाय. हा नारिंगी वाढतोय. आणि हा निळा वाढून झालाय. हा आता इंचभरही पुढे जाणार नाही."

मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझा महिनाभराचा उद्योग उलटा टांगला. प्रत्येक नर याच क्रमाने जातो: आधी बारका, मग नारिंगी, शेवटी निळा. मागे कोणी येत नाही. फक्त सगळे एका वेळी निघत नाहीत. तळ्यात निळे आहेत तोवर बारके बारकेच राहतात. त्यांना खायला कमी पडतं म्हणून नव्हे. निळ्याच्या सान्निध्यात त्यांनी खाल्लेलं अंगीच लागत नाही. म्हणून माझं जास्तीचं खाद्य वाया गेलं. निळा काढून घेतला की बारक्यांतले काही नारिंगी होऊन सपाट्याने वाढायला लागतात.

"आणि नारिंगी निळा कधी होतो?" मी विचारलं.

"भेटलेल्या सर्वांत मोठ्या निळ्यापेक्षा तो स्वतः मोठा झाला की. त्याआधी नाही. उगाच लहान अंगाने दादा होऊन मार खायचा नसतो त्याला. म्हणजे प्रत्येक नवा निळा जुन्या निळ्यापेक्षा मोठाच निघतो. लहानपणी आपण लगोरीच्या मैदानावर वाकलेल्या पोरांच्या पाठीवरून उडी मारायचो ना, तसं." इस्रायलमधल्या लोकांनी हे १९८० च्या दशकात तपशिलात लावून धरलं, असंही ते म्हणाले: कोहेन, रानान, कार्प्लस, सागी. यांतला सागी पुढे नर घडवणाऱ्या ग्रंथीच्या मागे लागला आणि सगळंच्या सगळं नर बी कसं मिळवायचं इथपर्यंत पोचला.

मला राहून राहून बारक्यांचं आश्चर्य वाटत होतं. मी त्यांना कच्चे समजत होते. काका हसले. "कच्चे कसले? पूर्ण वयात आलेले असतात ते. मादीने कात टाकली, मऊ झाली, की निळा तिच्यावर नांग्यांची कमान धरून उभा राहतो, कोणाला फिरकू देत नाही. त्याच कमानीखालून हे चिरंजीव गुपचूप शिरून आपलं काम उरकून घेतात. नारिंग्याला यातलं काही नको असतं, तो बिचारा सगळं खाणं अंगाला लावतो." एवढ्यात आरती सुरू झाली आणि त्यांनी कापूस परत घातला.

म्हणजे मी तळ्यातून काढलेले बारके हे उद्याचे नारिंगी होते, आणि प्रेमाने परत सोडलेले निळे हे फुकट खाणारे पेन्शनर. वर बाकीच्यांची वाढ रोखून धरणारे. बँकेत असताना असे दोन-तीन साहेब माझ्या पाहण्यात होते, पण तो विषय इथला नव्हे.

दसऱ्यानंतर आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. जाळं जरा मोठ्या फासाचं घेतलं, म्हणजे बारके आणि माद्या बऱ्याच सुटून जातात. हाती आलेल्यांतून निळे तेवढे टबात, नारिंगी लगेच पाण्यात. ही निवड भराभर करावी लागते, उन्हात ताटकळलं की नारिंगी मरतात आणि सगळं मुसळ केरात. राखणदाराचा हात माझ्यापेक्षा तिप्पट वेगाने चालायचा. तो रंग बघतच नव्हता, नांगीच्या खरखरीवरून ओळखायचा.

त्याच दिवशी मी एक हौस केली. पुस्तकातलं आणि काकांचं सगळं खरं, पण मला डोळ्यांनी बघायचं होतं. हापा परत लावला, आत पाइपांचे तुकडे टाकले आणि बारीक नर मोजून बारा सोडले. सगळे सात-आठ ग्रॅमचे, एकही निळा नाही, एकही नारिंगी नाही. रोज सकाळी चहा घेऊन मी त्या हाप्याशी जाऊन बसायची. मामा म्हणायचे, "कोळंबी मोजते आहेस की माळ जपते आहेस?"

पहिले पंधरा दिवस काही नाही. मग एकाच्या नांग्यांवर हळदीचं बोट लागल्यासारखी छटा दिसली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोघे स्पष्ट नारिंगी होते आणि बाकीच्यांपेक्षा दुप्पट. एक जण कात टाकताना खाल्ला गेला, त्याचं नुसतं करवतीसारखं डोकं सापडलं.

तळ्यातही फरक पडत होता. नोव्हेंबरच्या मध्यावर दुसरी काढणी केली तेव्हा नवे निळे मिळाले, आणि ते खरोखरच आधीच्या पन्नास-बावन्न ग्रॅमवाल्यांपेक्षा मोठे होते, साठच्या पुढचे. त्याच काढणीत एक गोष्ट पाहिली ती विसरणार नाही. पाइपच्या तुकड्यात एक रिकामी कात अडकली होती, काचेसारखी, आणि तिच्या नांग्या नारिंगी. त्याच पाइपात मागे तिचा मालक दबून बसला होता, लोण्यासारखा मऊ, आणि त्याच्या नांग्या निळ्या. अजून पुरत्या ताठ झाल्या नव्हत्या, हातात घेतल्या तर ओल्या वेतासारख्या वाकत होत्या. नारिंगी कोट काढून ठेवला आणि निळा चढवला, एका रात्रीत. त्याला आम्ही पाइपासकट परत सोडला. नियमाने काढायला हवा होता, पण राखणदार नको म्हणाला आणि माझाही जीव होईना.

विक्रीचं थोडं. व्यापारी किलोला किती नग बसतात त्यावर भाव करतो, त्यामुळे निळ्यांना भाव चांगला येतो आणि पहिल्यांदा आपण हुरळून जातो. मग तोच व्यापारी सांगतो की नांग्या पिशव्या फाडतात, बर्फात तुटतात, आणि पुढच्या वेळी नांग्या मोडून आणा. आत्याने याचा निकाल स्वयंपाकघरात लावला. एक किलो निळे आणि एक किलो माद्या वेगवेगळ्या सोलल्या, दोरा काढला आणि वजनकाट्यावर ठेवल्या. निळ्यांचं मांस साडेतीनशे ग्रॅमही भरलं नाही, माद्यांचं चारशेच्या वर गेलं. "दाखवायला हत्ती आणि खायला नुसतं टाळकं," आत्या म्हणाली. तिच्या मते खिचडीला नारिंगीच बरे: मांस भरपूर, कवच पातळ. डोकी मात्र तिने निळ्यांचीच राखून ठेवली, कालवणाच्या रश्शाला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री गार व्हायला लागल्या. पाणी वीस अंशांच्या खाली उतरलं की ही कोळंबी खाणं सोडते, आणि चौदाच्या आसपास गेलं की मरायला लागते. आपल्याकडची थंडी फार नसली तरी पाच फुटी तळ्याला पुरते. म्हणून तळं रिकामं केलं. सगळं धरून, आधीच्या घोडचुकीसकट, खर्च सुटला आणि वर थोडे राहिले. दुसऱ्या वर्षी काढणी ऑगस्टपासूनच सुरू करायची, दर तीन-चार आठवड्यांनी निळे काढायचे, बारक्याला हात लावायचा नाही, एवढं वहीत लिहिलं. भुवनेश्वरच्या सिफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेने निवड करून सुधारलेलं स्कॅम्पीचं बी काढलं आहे, ते मिळालं तर बघायचं, हेही.

हापा सर्वांत शेवटी उचलला. बारांपैकी नऊ शिल्लक होते. पाच अजून बारीकच. तीन नारिंगी. आणि एक निळा. अगदी अस्सल निळा, काट्यांसकट, नांग्या अंगापेक्षा लांब. पण वजन चोवीस ग्रॅम. तळ्यातल्या कुठल्याही नारिंग्याने त्याला ढकलून दिलं असतं. त्या मच्छरदाणीत त्याच्यापेक्षा मोठा निळा त्याला कधी भेटलाच नव्हता, त्यामुळे एवढ्यातच त्याचं भागलं होतं. मी बोट पुढे केलं तर त्याने दोन्ही नांग्या उगारल्या. राखणदाराने त्याला टोपलीत टाकण्याआधी हात जोडून नमस्कार केला.

फेब्रुवारीत मी बीवाल्याला पुन्हा फोन केला. सप्टेंबरमधल्या बोलण्याबद्दल माफी मागायची म्हणून दोन वाक्यं जुळवून ठेवली होती, पण त्याने नंबर ओळखला आणि सरळ किती हजार हवं ते विचारलं. मी आकडा सांगितला, तारीख ठरली, आगाऊ रकमेचं बोलणं झालं.

"फक्त मॅडम," तो म्हणाला, "या वर्षी फोटो नका पाठवू."